फाईल दुसरीकडे उघडी आहे

कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी. वडगावात आमच्या गल्लीत सकाळी सातला माग सुरू होतात, ते दिवेलागणीपर्यंत खटखटत राहतात. बाहेरच्या माणसाचं डोकं उठतं; आम्हाला माग थांबले की चुकल्याचुकल्यासारखं होतं. आमच्या घरात मात्र आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून माग नाही. त्या रिकाम्या खोलीत, खिडकीखाली, अण्णानं टेबल मांडलं आणि स्वतःच्या हातानं वायरी जोडल्या.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ साईनाथ. हायस्कुलात मराठी शिकवायचा. मी दुसऱ्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न दोघांचंही राहून गेलं. घरात आम्ही दोघं आणि आई, यशोदाबाई. आप्पा सातवी शिकलेले विणकर, पण रोजनिशी लिहायचे. आज कुठल्या रंगाची किनार विणली, कुणाच्या घरी बारसं झालं, कुणाला भेटायचं राहून गेलं. अण्णाला त्याचं पुस्तक काढायचं होतं. कडोलीच्या साहित्य संमेलनाआधी ते हातात यावं असं त्याच्या मनात होतं. वहीची सगळी पानं त्यानं शाळेतल्या मशीनवर स्कॅन करून आणली. एकशे शहाऐंशी पानांची एकच फाईल.

ती उघडेना.

फाईल वाचायचा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, पडदा राखाडी व्हायचा आणि मधोमध चौकट यायची. ‘ही फाईल दुसरीकडे उघडी आहे.’

“दुसरीकडं म्हंजे कुठं रं?” आईनं दारातून विचारलं.

“काय की. नवीन हाय न्हवं, चुकतंय कायतरी,” अण्णा म्हणाला.

दोन दिवस तो त्यातच होता. प्रोग्रॅम काढून टाकला, पुन्हा घातला. मशीन बंद करून सुरू केलं. मीही बसले. शनिवारी दुपारी फाईल अचानक उघडली. काय केल्यामुळे उघडली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळपर्यंत अण्णा वाचत होता.

रविवारी सकाळी तो मोटरसायकलवरून सदलग्याला गेला. वहीत आप्पांच्या तिथल्या एका विणकर मित्राचं नाव निघालं होतं. तो हयात आहे का बघतो, दुपारच्या जेवणाला येतो, म्हणाला.

आला नाही. सोमवारी दूधगंगेच्या पुलाजवळ त्याची मोटरसायकल सापडली. स्टँडवर नीट उभी, किल्ली तशीच, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. माणसांनी चार दिवस नदी ढवळली. काही मिळालं नाही. पोलिसांनी सदलग्यात चौकशी केली. वहीतल्या त्या नावाचा विणकर गावात कधी राहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

आईनं अन्न टाकलं. घोटभर चहा, तोही मी हात जोडल्यावर.

नवव्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. अण्णानं काही लिहून ठेवलं असेल, एखादं पत्र, कुणाचा नंबर. काही नव्हतं. फक्त ती फाईल. उघडली तर वर एक पट्टी आली. ‘ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. इथे फक्त वाचता येईल.’

खाली पानाचा आकडा होता, ४१. हा प्रोग्रॅम शेवटचं वाचलेलं पान लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तिथूनच उघडतो. पानावर आप्पांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. ‘रविवारी सदलग्यास जाऊन यावे.’ त्यातल्या ‘रविवारी’ या शब्दावर पिवळा रंग चढवलेला होता. अण्णानं खूण केली असणार, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी फाईल ४४ व्या पानावर उघडली.

मी मोजून, लिहून ठेवल्याशिवाय काही मानत नाही. आदल्या दिवशी माझाच हात लागला असेल म्हणून तारीख आणि पान वहीत टिपायला लागले. ४४, ४७, ४९, ५३. मी एकही पान हलवत नव्हते. आई त्या खोलीत पायही टाकत नव्हती, आणि तिला अक्षरओळख नाही.

सहाव्या दिवशी मी समोर बसून राहिले. चारच्या सुमाराला पान सरकलं. माऊस टेबलावर होता, माझे हात मांडीवर. पान सावकाश वर गेलं, थांबलं, अर्धं परत खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. ओळ परत वाचायची अण्णाची सवय होती.

मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. उठले तेव्हा गल्लीतले माग थांबले होते.

शहापुरात अण्णाचा शाळासोबती रविराज कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला बोलावलं. त्यानं नेटची वायर काढली. प्रोग्रॅम मुळासकट काढला, दुसऱ्या कंपनीचा घातला. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मशीन पूर्ण कोरं केलं आणि फाईल परत घातली. त्यात तीन तास गेले. मग त्यानं ती उघडली.

वर पट्टी. खाली आकडा, ६८.

“व्हायचं न्हाय हे,” तो म्हणाला. “प्रोग्रॅम नवा, मशीन कोरं. ह्याला पान ठावं कसं?”

“अण्णाच्या मोबाईलवर फाईल असेल का, दादा? तो तिकडनं वाचत असेल?”

“मोबाईल त्या दिवसापासनं बंद हाय, मंजू. आणि हितं नेटच न्हाय.”

तेवढ्यात पान सरकलं. रविराजदादानं खुर्ची मागे घेतली. आईनं त्याच्यासाठी ठेवलेला चहा न घेताच तो गेला.

पोलिसांनी ऐकून घेतलं. साहेब निम्मं कानडीत, निम्मं मराठीत म्हणाले, “सिस्टीममध्ये असं होतंय, मेडम. तुम्ही जरा झोपा.”

पण रविराजदादाशी झालेलं बोलणं आईनं दाराआडून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी तिनं स्वतः ताट वाढून घेतलं.

“वाचूलाय न्हवं?” ती म्हणाली. “मग हाय त्यो. कुठंतरी हाय.”

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. रोज चारला आम्ही दोघी पडद्यासमोर बसायचो. पान सरकलं की आई पदरानं डोळे टिपायची. आप्पांनी तिच्या दुखण्याबद्दल लिहिलेल्या पानावर वाचणारा दोन दिवस थांबला. आई म्हणाली, “माझं पोरगं हाय त्ये.”

डिसेंबर संपला. आकडा १५० च्या पुढं गेला तेव्हा पहिल्यांदा मी उरलेली पानं मोजली. आईला आकडे कळत नव्हते, पण वही किती जाड होती ते तिला माहीत होतं.

“किती ऱ्हायली गं?”

“तीसेक पानं.”

“आणि संपल्यावर?”

आईनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं.

“संपू दिऊ नगंस, मंजू. तू लिही. तुला येतंय.”

फाईलमध्ये काही वाढवता येत नव्हतं. मी पानं जोडायची आणि साठवताना तेच उत्तर, इथे फक्त वाचता येईल. रविराजदादाला फोन केला. यायला तो तयार नव्हता, पण वाट सांगितली. फाईलची नक्कल करायची, नकलेला नवी पानं जोडायची, जुनी फाईल काढून नकलेला तेच नाव द्यायचं. चार वेळा फसलं, पाचव्यांदा झालं.

मग मी रोज पहाटे उठून लिहायला लागले. गल्लीत काय झालं, शाळेत काय झालं, आई आज किती जेवली. ‘अण्णा, कुठं आहेस ते एकदा कळव.’ रोज तीन पानं. शाळेत शिकवताना डोक्यात तेच. उद्या काय लिहू? सुचलं नाही तर? आप्पांचं शेवटचं पान संपलं आणि वाचणारा न थांबता माझ्या पानांवर आला. माझी पानं तो जास्त सावकाश वाचत होता.

उत्तर येत नव्हतं. एकदा मी लिहिलं, ‘तू अण्णाच असशील तर सांग, लहानपणी आपल्याकडे कुत्रं होतं त्याचं नाव काय? चिंग्या, मोत्या की बाळ्या? बरोबर नावावर रंग लाव.’ हे अण्णाला झोपेतही सांगता आलं असतं. चिंग्या मेला तेव्हा तो तीन दिवस रडत होता. चार वाजता पान आलं. त्या ओळीवर वाचणारा बराच वेळ थांबला. मग रंग न लावता पुढे गेला.

मी ते आईला सांगितलं नाही.

संक्रांतीनंतरच्या बुधवारी मी लिहिलं, ‘शनिवारी अर्धी शाळा असते. सदलग्याला येऊन पूल बघून जाईन म्हणते.’ चारला पान सरकलं. वाचणारा त्या ओळीशी थांबला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ‘शनिवारी’ या शब्दावर डावीकडून उजवीकडे पिवळा रंग चढत गेला.

“काय केलं त्यानं? कुठं लावलाय रंग?” आईनं विचारलं.

मला सांगायला नको होतं. पण मी सांगितलं.

“शनवारी बोलवलंय,” आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

गुरुवारी सकाळी पोलिसांचा फोन आला. पाणी उतरल्यावर खालच्या बंधाऱ्याजवळ गाळात एक देह सापडला होता.

रविराजदादाबरोबर मी गेले. चेहरा उरला नव्हता. डाव्या हाताच्या हाडात धातूची पट्टी होती. सहा वर्षांपूर्वी अण्णा जिन्यावरून पडला तेव्हा बसवलेली. पट्टीवरचा नंबर दवाखान्याच्या जुन्या कागदाशी जुळवला. जुळला. मी डॉक्टरांना एकच विचारलं, पाण्यात कधीपासून?

“पहिल्या दिवसापासून,” ते म्हणाले. “त्या रविवारीच गेले असणार ते.”

शुक्रवारी तिथंच नदीकाठी दहन केलं. आई आली नव्हती. “त्यो न्हवं माझा,” एवढंच म्हणाली होती.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. कॉम्प्युटर सुरूच राहिला होता. पान माझ्या शेवटच्या मजकुरावर आलेलं होतं. शेवटची ओळ वर गेली, अर्धी खाली आली, पुन्हा वर गेली.

मी भिंतीतली वायर उपटली.

शनिवारी सकाळी अण्णाच्या शाळेत कागद द्यायचे होते. सदलग्याला जायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. दीडला परतले तर दाराला कुलूप.

शेजारच्या बायाक्का बाहेर आल्या. “म्हातारी नवालाच गेली की गं. चिकोडीच्या बसला बसते म्हणाली. मला वाटलं दिवसकार्याचं कायतरी आसंल.”

“एकटी?”

“व्हय. चपात्या घेतल्यात बरोबर.”

आईचं माहेर चिकोडीकडचं. तिथून पुढे सदलग्यापर्यंतचा बसचा रस्ता तिला पाठ होता.

रविराजदादानं गाडी काढली. काकती, संकेश्वर, निपाणी. मी घड्याळ बघत होते. सदलग्याच्या स्टँडवर एका पानवाल्यानं हातानं रस्ता दाखवला. एक म्हातारी पुलाचा रस्ता विचारत होती, म्हणाला, दोन तास झाले.

पुलाजवळ पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

आई कठड्याजवळच्या दगडावर बसली होती. डबा मांडीवर, उघडा, रिकामा. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुलावरून गेला, त्याची धूळ तिच्या केसांवर बसली. मी धावत जाऊन तिला कवटाळलं. अंग गरम होतं. ती धड होती. मी रडायला लागले.

“रडूलीस कशाला?” ती म्हणाली. “भेटला की.”

“कोण?”

“साईनाथ. तुम्ही यायच्या आदी थोडाच येळ. लई बारीक झालाय. चपात्या सगळ्या खाल्ल्या.”

रविराजदादा मागे उभा होता तिथंच थांबला.

“आई, काय म्हणाला तो?”

“काय न्हाय. बोलायचं इसरल्यागत झालाय. तुझं नाव इच्यारलं. मी म्हटलं, आरं मंजू, तुझी भन. तुझी मंजुश्री. दोनदा म्हणून बघितलं त्यानं.”

नदीवर वारा नव्हता. खाली पाणी हलत नव्हतं.

“आणि?”

“घर कुठं म्हणाला. आपलंच घर इसरलंय गं पोरगं.” आईनं डब्याचं झाकण लावलं. “समदं सांगिटलं. वडगाव, गल्ली, मागाची खोली. किल्ली कुठं आसती त्ये बी.”

मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली, लुगडं झटकलं आणि गाडीकडे निघाली.

“चल बिगीबिगी. त्यो गेलाय फुडं.”