सातावरून दोनवर

पहिल्याच भेटीत मी त्याच्यावर किंचाळले.

मनगटाच्या वर चार चिकट पट्ट्या, त्यांना जोडलेल्या बारीक वायरी आणि फिजिओथेरपीच्या टेबलावर दुखणं कमी करणारं तळहाताएवढं मशीन. त्याने बटण जरासं फिरवलं मात्र... हातभर मुंग्या धावल्या.

"अहो!"

"लागलं?"

"अहो, सांगून तरी चालू करा!"

"सांगितलं होतं. तुम्ही माझ्या केसांकडे बघत होता."

बघत होतेच. लोकांचे केस कापणं हा माझा धंदा, आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी सूड उगवला होता.

"कोणी कापले हे?"

"बहिणीने. हौसेने."

"तिचं काही बिघडवलंय का तुम्ही?"

तो खळखळून हसला. मला बरं वाटलं. बाहेर बाकावर बसलेल्या आईने मात्र माझे ते दोन "अहो" नेमके ऐकले आणि आठवडाभर मला छळलं.

पार्लरच्या पायरीवरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले, एक्स-रे बघून सगळे खूश! दुखणं तेवढं एक्स-रेत दिसत नव्हतं. दादा म्हणायचा, "हाड जुळलं ना? मग आता कसलं रडतेस? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" इतक्यांदा म्हणाला की मलाच माझी शंका यायला लागली.

हा मात्र रोज विचारायचा, "शून्य ते दहा... आज किती?"

"सात."

आणि तो मुकाट्याने सात लिहायचा. वाद नाही, उपदेश नाही. माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस. मी प्रेमात पडले ती तिथेच. त्याचं ते हसू वगैरे सगळं नंतरचं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी मला पट्ट्या लावता लावता तो बहिणीच्या स्कूटर शिकण्याची गोष्ट सांगायला लागला. एकच भिंत, तीन वेळा धडक, आणि दर वेळी चूक भिंतीची! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावरच्या टायमरची वीस मिनिटं संपल्याची घंटी वाजली तेव्हा दोघंही दचकलो.

"आता किती?"

"दोन!"

मशीन बंद करायला तो वळला... आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"मी... मी हे चालूच केलं नव्हतं."

आज मुंग्या आल्याच नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं! म्हणजे दादाचंच खरं. आता हाही म्हणणार — नाटकं.

"मी खोटं नव्हते हो बोलत," माझा आवाज रडवेला झाला. "सात होतं. खरंच सात होतं."

"माहितीये." तो स्टूल ओढून समोर बसला. "सात खरं होतं. आता दोन आहे, तेही खरंय. आणि मशीन बंद होतं, हेही मी लिहिणार."

त्याने लिहिलं. मला दाखवलं. मग फाइल मिटून म्हणाला, "उद्यापासून तुमचा हात आमच्या मोठ्या बाई बघतील."

तेव्हा दुखलं. दहापैकी दहा.

"का? माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही, माझं. पाच वर्षांत असा पहिल्यांदाच विसरलो... समोर तुम्ही असलात की माझं कामात लक्ष राहत नाही. अशा माणसाच्या हाती पेशंट देऊ नये." त्याचे कान लालबुंद झाले होते. "आणि पेशंटचा हात वीस मिनिटंच धरता येतो. मला... जास्त वेळ धरायचाय."

उजव्या हाताला पट्ट्या अजून तशाच चिकटलेल्या होत्या. मी डावा हात त्याच्यापुढे धरला.

"उजवा बाईंचा," मी कशीबशी म्हणाले. "हा मोकळा आहे... हवा तितका वेळ."