खाट चारची चाचणी

रविवारी दुपारी रिकाम्या ऑफिसात येऊन बसायची तिला काही हौस नव्हती. पण दहा जणांनी ढवळून ठेवलेला जुना प्रोग्राम तिने आवरला होता आणि त्याच्या चाचण्या लिहायच्या राहिल्या होत्या. साहेबांनी केव्हाच हात झटकले होते. "तू नुसती आवराआवर केलीस ना? काम तेच करतोय ना तो? मग परत तपासायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी शुक्रवारीच तो इस्पितळात बसवूनही टाकला. पेशंटचा श्वास अडला की खाटेजवळची घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. त्याच इस्पितळात, चार नंबरच्या खाटेवर, कालच ऑपरेशन झालेली तिची आई होती.

तिने चाचण्या लिहून काढल्या आणि चालवल्या. पास झालेली एकेक ओळ हिरवी होत गेली. तळाशी एक नापास, लाल उरली.

'खाट चार. श्वास थांबला. घंटा वाजली नाही.'

ही ओळ तिने लिहिलेली नव्हती. असली थट्टा सुचते तरी कुणाला, म्हणून तिने मनातल्या मनात सगळ्या टीमचा उद्धार केला. ओळ पुसली. पुन्हा चालवलं. ओळ पुन्हा तिथेच. एसी बंद, खिडक्या बंद, आणि खोलीत स्पिरिटचा वास येऊ लागला होता...

तिने आईजवळ बसलेल्या भावाला फोन लावला.

"दादा, आई कशी आहे?"

"झोपलीये. तुझी घंटा गप्प आहे, म्हणजे बरीच असणार."

"घंटेचं सोड. तिच्याकडे बघ."

"अगं, आत्ताच तर..."

"बघ ना रे..."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादाची हाक, "सिस्टर... सिस्टर, इकडे या..."

आई थोडक्यात वाचली. दादाने तसं सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं. साहेबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. सारख्याच दिसतात म्हणून आवरताना तिने प्रोग्राममधल्या दोन ओळींची एक केली होती. त्यातली दुसरी, पेशंटला लावलेली वायर सैल झाली तर श्वास पुन्हा तपासायची. तिने ती परत घातली, सुधारलेला प्रोग्राम इस्पितळात चढवला आणि दादाला घंटा वाजवून बघायला सांगितलं.

"वाजतेय गं बाई. आईही आता बरी आहे. मी खाली जाऊन दोन घास खाऊन येतो."

मनाच्या समाधानासाठी तिने चाचण्या आणखी एकदा चालवल्या. सगळं हिरवं. ती लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात तळाशी एक लाल ओळ उमटली.

'खाट चार. घंटा वाजली. कुणी आलं नाही.'

तिने दादाला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला...