चिमणाबाईच्या धुराचा पंचनामा

शलाका हिंगमिरेनं आयुष्यात पहिल्यांदा धूर पाहिला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तो धूर तिनंच काढला होता.

सन २०७८ मध्ये चिंचखेड जंक्शनात धूर औषधालासुद्धा उरला नव्हता. गाड्या विजेवर, स्वयंपाक विजेवर, देवापुढचं निरांजनही विजेवर. त्यामुळे आजोबांच्या टेबलावरच्या वीतभर इंजिनाच्या धुराड्यातून करडा लोट भसाभसा बाहेर पडला, तेव्हा तिची दातखीळच बसली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घसा खवखवला. हवा अशी डोळ्यांना झोंबते हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली.

दोन मिनिटं गेली नसतील, तोच दारात हवालदार उभा.

हा हवालदार पोलिसांतला नव्हे. शहराच्या हवेवर पहारा ठेवणारा तो यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव 'वायुनिरीक्षक क्रमांक चार' होतं, पण हवेची राखण करतो तो हवालदार, असं चिंचखेडकरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पिंपासारखं धड, त्यावर एकच मोठा काचेचा डोळा. तो चिडत नसे, हसत नसे आणि त्याच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

"या घरात धूर झाला आहे," हवालदार म्हणाला. "कोणत्या यंत्रातून?"

शलाकानं इंजिनाकडे बोट दाखवलं.

हवालदारानं इंजिनाला लाल फीत गुंडाळून मोहोर लावली. "धूरबंदी नियम सात. धूर करणारं यंत्र वितळवलं जातं. मी संध्याकाळी पाच वाजता न्यायला येईन. हे यंत्र धूर करत नाही असं तोवर सिद्ध झालं, तर नियम लागू होणार नाही. दुरुस्तीसाठी फीत सोडता येईल, यंत्र घराबाहेर नेता येणार नाही." एवढं बोलून तो गेला.

तेवढ्यात आजोबा अंघोळ करून बाहेर आले. त्यांचं नाव तेजस. आता तेजस हे म्हाताऱ्यांचं नाव समजलं जातं. शलाकाच्या वर्गात एकही तेजस नव्हता, बागेतल्या बाकांवर मात्र चार-पाच सहज सापडले असते. तेजस आजोबांनी चाळीस वर्षं शास्त्रज्ञ म्हणून ढगांचा अभ्यास केला होता, आणि निवृत्त झाल्यावर ते जुनी खेळण्यातली इंजिनं दुरुस्त करत. हे इंजिन त्यांच्या आजोबांचं, सव्वाशे वर्षांचं. त्याचं नाव चिमणाबाई. चार महिने खपून त्यांनी तिचं धूरयंत्र दुरुस्त केलं होतं आणि गेल्याच आठवड्यात, थंडीमुळे खिडक्या बंद असताना, ती पहिल्यांदा पांढरेशुभ्र भपके सोडत टेबलावर फिरली होती.

आजोबांनी लाल फीत पाहिली, हवा हुंगली आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"करपलं," ते म्हणाले. "तार नीट गुंडाळली गेली नसणार माझ्याकडून. हात कापतात हल्ली. नेऊ दे त्याला. आणि हे पेचकस, पकडी सगळं कुणाला तरी देऊन टाकू. आपल्याच्यानं आता हे व्हायचं नाही."

धुरापेक्षा हा धक्का मोठा होता. आजोबा असं बोलतात? चूक कुणाची होती हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. पण ते जिभेवर येईना. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, उघडून तरी बघू या. पाच वाजायला अजून पुष्कळ वेळ आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि वीजजोडणी काढली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यांनी फीत सोडली, पोटाखालचे चार स्क्रू काढले आणि वरचं कवच उचललं. धुराड्याच्या बरोबर खाली बाटलीच्या झाकणाएवढी पत्र्याची डबी होती. शलाकानं मान पुढे काढून आत पाहिलं. आत छोटीशी भट्टी असेल, कोळसे असतील, असं तिनं धरून ठेवलं होतं.

"आग कुठं पेटते?"

"कुठंच नाही. हिच्यात आग कधी नव्हतीच."

"आगीवाचून धूर? असं कसं होईल?"

"चिमणाबाईनं आजपर्यंत कधी धूर सोडलेलाच नाही," आजोबा म्हणाले. "ती सोडते ते धुकं. माझं सगळं आयुष्य ढगांत गेलं, म्हणून तर मला ही आवडते. घरात बसून ढग करते."

आजोबांनी चिमट्यानं डबीतली वात वर उचलली. काचेच्या बारीक धाग्यांची ती वात पांढरी असायला हवी होती. ती कोळशासारखी काळी होती आणि तिच्याभोवतीची केसाएवढी तार मध्येच तुटली होती. वास मात्र ओळखीचा होता. आजोबांनी वात नाकाजवळ नेली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा खोबऱ्याचा वास कसा काय?"

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "मी घातलं," शलाका म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात ना, तेलाचे पाच थेंब घातल्याशिवाय तिला सुरू करायचं नाही. तुम्ही अंघोळीला गेला होतात. मी कपाटातलं खोबरेल घेतलं. थंडीनं गोठलं होतं, म्हणून काडीनं कोरून धुराड्यातून आत ढकललं. तुमचे हात काही चुकले नाहीत, आजोबा. मीच चुकले." आणि तिला रडूच कोसळलं.

"खोबरेल," आजोबा पुटपुटले. "सव्वाशे वर्षांत या बाईच्या डोक्याला कुणी खोबरेल लावलं नव्हतं." मग त्यांनी बाह्या सावरल्या. "रडणं पुरे. ब्रश आण तो. आणि किटली ठेव."

"चहा करायचाय?"

"आधी ठेव तर."

किटली उकळायला लागली. तोटीतून पांढरा लोट निघाला. "वाफ कुठं आहे, दाखव," आजोबा म्हणाले. शलाकानं पांढऱ्या लोटाकडे बोट केलं. "चूक. तोटीच्या अगदी तोंडाशी बघ. हात लावू नकोस, भाजेल."

तिनं वाकून पाहिलं. तोटीचं तोंड आणि पांढरा लोट यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती. तिथं काहीच दिसत नव्हतं.

"ती मोकळी जागा म्हणजे वाफ. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पाणी तापलं की त्याचे रेणू (पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण) सुटे होऊन उडतात. हे झालं बाष्पीभवन (द्रवाचा वायू होणं). सुटा रेणू इतका लहान, की उजेड त्याला जुमानत नाही. पुढे गार हवा लागली की ते रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, त्यांचे थेंब होतात. हे संघनन (वायूचा पुन्हा द्रव होणं). थेंबांवर उजेड आपटतो, चहूकडे विखुरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं."

"म्हणजे मी आजपर्यंत वाफ पाहिलेलीच नाही?"

"कुणीच पाहिलेली नाही."

शलाका किटलीकडे बघतच राहिली. अकरा वर्षं ती या घरात चहा होताना पाहत होती, आणि खरी वाफ रोज तिच्या नाकासमोरून न दिसता निघून जात होती.

"चिमणाबाईचंही असंच," आजोबा ब्रशनं डबीतली काळी खपली खरवडत म्हणाले. "हिचं तेल वेगळं असतं, अगदी शुद्ध केलेलं हलकं खनिज तेल. वात ते शोषते, तार तापते, तेलाची वाफ होते. चाकं फिरली की हा छोटा दट्ट्या खालून हवेची फुंकर मारतो. वाफ धुराड्याबाहेर येते, गार होते, तिचे थेंब होतात. जळत काहीच नाही. तेल बाहेर पडतं तेही तेल म्हणूनच."

"मग खोबरेलाचं असं का झालं?"

"त्याचे रेणू मोठे आणि जड. त्यांना उडता येत नाही. तापवत राहिलं की उडण्याआधीच ते तुटतात आणि करपतात. तुटलेल्याचा कोळसा होतो, त्याचे कण हवेत जातात. तो खरा धूर. माझी आजी दिव्यावर वाटी धरून काजळ पाडायची. ते काजळ म्हणजे असेच न जळलेले कोळशाचे कण."

मग कामाला सुरुवात झाली. डबी लख्ख झाली, नवी वात आली. तारेचं काम मात्र नाजूक होतं. ती तार निक्रोमची (निकेल आणि क्रोमियम मिसळून केलेला धातू). वीज तिच्यातून सुखासुखी जात नाही, अडखळते, आणि त्या अडखळण्यातून उष्णता तयार होते. या अडथळ्याला रोध म्हणतात. आजोबांच्या वहीत चिमणाबाईसाठी आकडा लिहिला होता : सत्तावीस ओहम (रोध मोजण्याचं एकक). तार आखूड झाली तर रोध कमी, वीज जास्त, आणि मग चांगलं तेलसुद्धा करपणार. लांब झाली तर तार कोमटच राहणार.

आजोबांनी रोधमापकाची टोकं धरली आणि शलाकानं तार मोजली. एकोणीस. तेवीस. तिनं हळूच चिमटा पुढे सरकवला. सत्तावीस. तिथं तिनं कापली आणि वातीभोवती एकेक वेढा घालत गेली, एक वेढा दुसऱ्याला शिवू न देता. आजोबांचा हात खरंच कापत होता, पण कुठला वेढा सैल आहे ते त्यांना लांबून कळत होतं. पावणेपाचला कवच बसलं. शलाकानं बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं आणि पाच थेंब घातले.

पाचच्या ठोक्याला हवालदार आला.

शलाकानं बटण दाबलं. चिमणाबाई थरथरली, पुढे सरकली, आणि चाकांच्या तालावर पांढरे भपके सोडू लागली. हवालदाराच्या डोळ्यातून एक निळा किरण भपक्यावर पडला.

"हवेत कण आहेत," तो म्हणाला. "कण आहेत आणि ओलावाही वाढला, तर ती वाफ. कण आहेत आणि ओलावा वाढलेला नाही, तर तो धूर. हा धूर आहे. यंत्र द्या."

त्यानं हात पुढे केला. आजोबा पांढरेफटक पडले. शलाकानं धावत जाऊन स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली आणि धुराड्यावर थोडा वेळ उपडी धरली. वाटीत बारीक थेंब जमले. तिनं ते पांढऱ्या रुमालानं पुसले आणि रुमाल हवालदाराच्या डोळ्यासमोर धरला. रुमाल ओशट झाला होता, पण पांढराच होता.

"काही जळलं असतं तर काजळी पडली असती," ती म्हणाली. "आता हे बघा." तिनं सकाळची जळकी वात त्याच रुमालाच्या दुसऱ्या टोकाला घासली. टोक काळंकुट्ट झालं. "सकाळी झाला तो खरा धूर होता. चुकीचं तेल मी घातलं होतं. आता होतंय ते धुकं आहे. तुमच्या किरणानं सकाळी काय सांगितलं होतं?"

"कण आहेत. ओलावा नाही."

"आणि आता?"

"कण आहेत. ओलावा नाही."

हवालदार थांबला. त्याचा डोळा रुमालाच्या काळ्या टोकावरून पांढऱ्या टोकावर गेला, परत काळ्यावर आला.

"गोष्टी दोन आहेत," तो सावकाश म्हणाला. "माझं उत्तर एकच आहे. म्हणजे माझ्या किरणाला धूर ओळखता येत नाही."

आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. हवालदार चुकला असं चिंचखेडात कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ते खुद्द हवालदारच सांगत होता.

"नऊ वर्षांत मी दोनशे चौदा यंत्रं जप्त केली," तो पुढे म्हणाला. "कवठेकर यांची पिठाची गिरणी. नाटक मंडळीचं रंगमंचावर धुकं सोडणारं यंत्र. सुताराची करवत."

"गिरणी?" शलाकाला खरंच वाटेना. "अहो, ते पीठ होतं."

"पांढरे कण. ओलावा नाही." हवालदाराचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून ते ऐकणं आणखी कठीण गेलं. "त्यांतली एकशे साठ मी वितळवली आहेत. ती परत करता येणार नाहीत."

शलाकाच्या अंगावर काटा आला. एका साध्या वाटीची परीक्षा नऊ वर्षं कुणाला सुचली नव्हती आणि तेवढ्यापायी एकशे साठ घरांतून काहीतरी कायमचं गेलं होतं.

"आणि उरलेली?" आजोबांनी विचारलं.

"चोपन्न. गोदामात आहेत. उद्या वितळवायची आहेत." हवालदार शलाकाकडे वळला. आजवर त्यानं लोकांना फक्त नियम सांगितले होते, विनंती कुणाला केली नव्हती. "तुम्ही आत्ता माझ्याबरोबर याल का? मला ती परीक्षा शिकायची आहे."

शलाकानं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरचे पेचकस आणि पकडी गोळा करून खिशात कोंबले होते. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वाट्या पिशवीत भरून घेऊन आले.

"चल पोरी," ते म्हणाले. "चोपन्न यंत्रं आहेत, एका वाटीनं काय होतंय?"