काजळीच्या दुधाला वास कसला?

"थू! थू! थू!"

हरिहरने दुधाचा घोट थेट अंगणात थुंकला. "अगो उमा, हे दूध आहे की कालवण?"

मुंबईहून बोटीने सुट्टीला आलेल्या या आतेभावाची थट्टा उमाला मुळीच रुचली नाही. आज चौथा दिवस! काजळी म्हशीचं दूध मासळीसारखं घमघमत होतं. धार काढणाऱ्या गंगुबाईने चरवी तीनदा राखेने घासली, तरी वास जाईना. शेवटी उमाच्या वडिलांनी, आप्पांनी ठरवलं, म्हैस विकायची. देवरूखचा काशीराम दलाल दुपारी तिला न्यायला येणार होता.

जिची आई मेल्यावर उमाने जिला पेज पाजून वाढवलं, ती काजळी! संध्याकाळी दावं रिकामं!

"फर्मास दूध आहे!" आप्पांचे धाकटे भाऊ, बाबूकाका, यांनी दुसरा पेला रिचवला आणि नाकात तपकीर कोंबली. "आप्पा, आठच दिवस थांबा. दुधाचा पूर येईल पूर!"

उमा चक्रावलीच. सगळे नाक दाबतात आणि काका मिटक्या मारतात?

ती गोठ्याकडे धावली. तिथे आणखीच नवल! काजळीच्या आंबोणाच्या, भिजवलेल्या पेंडीच्या, घमेल्याभोवती सात मांजरं बसली होती.

"मांजरं कधीपासून पेंड खायला लागली?" हरिहरने डोकं खाजवलं.

"सरका रे, मला बघू दे!" मासेमारांच्या खारवीवाड्यातली मथुरा, उमाची शाळेतली मैत्रीण, कुंपणावरून उडी मारून आली. घमेल्यावर वाकली आणि ओरडली, "जवळा! सुका, कुटलेला जवळा! माझं नाक नाय चुकायचं!"

"म्हैस बारकी कोळंबी खाते?"

"आपणहून नाय रे! कोणीतरी आंबोणात घालतंय."

पण कोण? गंगुबाई? छे, ती तर काजळीसाठी रडत होती! मग कोणी शत्रू? की मांजरंच आणून टाकतात? तिघांच्या डोक्यात नुसता गोंधळ!

इतक्यात बाबूकाका कोठीकडे निघाले, आणि सातही मांजरं शेपट्या उभारून त्यांच्या मागे!

"चला!" उमा कुजबुजली.

मांजरांच्या मागे तिघं. दाराच्या फटीतून पाहतात तो काय! पेंडीच्या पोत्यांमागून काकांनी एक गोणी ओढली आणि चांगल्या चार ओंजळी भुकटी तिथल्या पेंडीच्या घमेल्यात घातली! मग हात धुवायला विहिरीवर गेले. तपकिरीची डबी कोठीच्या कट्ट्यावरच राहिली.

"आप्पांना सांगू या!" मथुरा म्हणाली.

"काका म्हणतील, माडांचं खत आहे. आपलं कोण ऐकणार?" हरिहर हिरमुसला.

उमा मात्र डबीकडे बघत होती. दुधाचा वास काकांना येतच नाही... का येत नाही? तपकिरीने नाक बधिर झालंय! तिचे डोळे चमकले. "मथुरा, मूठभर भुकटी आण. पटकन!"

दुपारी काशीराम आला. त्याने काजळीचं दावं सोडलं.

बाबूकाकांनी डबी उघडली, चिमूट घेतली, जोरात ओढली.

"वा! आज तपकीर जरा सौम्य आहे. पण फर्मास!"

म्याँव! एक मांजर काकांच्या मांडीवर, दुसरं थेट खांद्यावर!

"आप्पा, त्या डबीचा वास घ्या!" उमा ओरडली.

आप्पांनी डबी नाकाशी नेली आणि झटकन दूर धरली. "मासळी? बाबू, तुझ्या नाकात मासळी?"

"आणि काजळीच्या पोटातपण!" म्हणत हरिहरने गोणी फरफटत आणली.

काकांचं तोंड एवढंसं झालं. "वर्तमानपत्रात वाचलं... विलायतेत गुरांना मासळीची भुकटी देतात. अंगी लागते, दूध वाढतं. आपल्या गोठ्यात मासळी म्हटल्यावर तुम्ही म्हशीआधी मलाच विकलं असतं!"

"किती द्यायची लिहिलं होतं?"

"मूठभर."

"आणि तुम्ही चार ओंजळी!" मथुरा कपाळावर हात मारून म्हणाली. "आमची आयस कोंबड्यांना चिमूटभर टाकते. तेवढ्यावर अंडी बघा कशी घालतात!"

आप्पा खो खो हसले. "तीन पोरांनी म्हैस वाचवली! शाबास रे! काशीराम, दावं बांध परत. बाबू, ही गोणी मथुराच्या कोंबड्यांना. आणि तपकीर आजपासून बंद!"

आठ दिवसांनी उमाने धारोष्ण दुधाचा पेला मथुरासमोर धरला. "बोल, वास कसला?"

मथुराने डोळे मिटून हुंगलं. सगळे श्वास रोखून उभे!

"म्हशीचा!" ती म्हणाली, आणि पेला एका दमात रिकामा केला.