दारावरचा माणूस

स्टुडिओ तळघरात होता. वर पडद्यांच्या कापडाचं दुकान, खाली हे. जिना उतरला की ओल्या कार्पेटचा आणि शिळ्या कॉफीचा वास नाकात बसायचा, तो संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. भिंतींना करडा फोम, जाडजूड दार, मोठी काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बूथमध्ये पंखा नव्हता, कारण पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो. माणूस घामानं भिजला तरी चालेल, आवाज कोरडा हवा.

इथं एका अवकाशातल्या मालिकेचं डबिंग चालायचं. त्यातल्या झाडून सगळ्या पहारेकऱ्यांचा आवाज एकाच माणसाचा. त्याला सगळे शिपाईच म्हणायचे. यानाच्या दारावरचा शिपाई, तुरुंगाचा शिपाई, खाणीच्या नाक्यावरचा शिपाई. हेल्मेट दरवेळी नवं, घसा तोच.

मालिकेत ‘प्रशांत’ म्हणून साधूंचा एक पंथ होता. या साधूंना म्हणे विश्वाचा सूर ऐकू यायचा, आणि तो सूर लावून ते समोरच्याच्या डोक्यात शिरायचे. दारावर शिपाई उभा. साधू मवाळ आवाजात दोन वाक्यं बोलणार, शिपायाचे डोळे निवणार, शिपाई म्हणणार, ‘जा.’ साधू आत, मागं संगीत. शिपायाचं पुढं काय झालं हे दाखवायला कुणाला वेळ नाही. मालिकेतल्या दुष्टांकडेही हाच सूर होता. ते त्यानं माणसांचे गळे आवळायचे. म्हणून ते दुष्ट.

“मॅडम, एक विचारू?” त्या दिवशी सकाळी शिपाई म्हणाला.

“नको विचारूस,” डबिंगचं दिग्दर्शन करणाऱ्या मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

“गळा दाबला तर निदान वळ उठतो. माणसाला कळतं, आपल्याला कुणी तरी धरलं होतं. हे साधू बेणे वळसुद्धा ठेवत नाहीत. घरात शिरायचं, घरधन्यालाच कुलूप उघडायला लावायचं, वर तो हसतमुख. याला आपण पुण्य म्हणायचं?”

“शिपाईदादा,” मागच्या सोफ्यावरून आवाज आला, “साधूचा हेतू चांगला असतो.”

हे गुरुजी. मालिकेतल्या मुख्य साधूचा आवाज. पांढरे केस, नखं आरशासारखी, हातात कोमट पाण्याचा पेला.

“खिसेकापूचाही असतो हो. त्याच्याही घरी पोरंबाळं असतात.”

रेकॉर्डिस्ट फिस्सकन हसला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं तसं त्या हसण्याचा त्यानं खोकला केला.

“सूर लावला नाही तर शिपाई लढेल आणि मरेल. साधू त्याचा जीव वाचवतो.”

“मग विचारा की त्याला, मरतोस का ऐकतोस! कदाचित म्हणेल, मरतो. नाही म्हणणं तेवढंच माणसाच्या मालकीचं असतं गुरुजी, बाकी सगळं भाड्याचं.”

गुरुजी छान हसले. पाण्याचा घोट घेतला. “पोरगी काय म्हणते?”

शिपायाचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा बंद झाला.

गुरुजींचं शहराबाहेर डोंगरावर आवाजाचं शिबिर चालायचं. स्टुडिओच्या रिसेप्शनवरची मुलगी गेल्या वर्षी तिथं राहून आली होती. आधी ती महाभांडखोर. लाईटवाल्यापासून मालकापर्यंत कुणाला सोडायची नाही. आता तिला कॉफी घेणार का विचारलं, तर ती गोड आवाजात म्हणायची, “तुम्हाला काय वाटतं, घेऊ?” आणि उत्तराची वाट बघत बसायची. उत्तर द्यायचं कुणी विसरलं तर दिवसभर बसायची.

शिपायाची पोरगी विशीतली. एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली, गुरुजींशी चार शब्द बोलली, आणि तेव्हापासून गुरुजी तिच्यामागं लागले होते. तिला जायचं नव्हतं. “बाबा, तूच नाही म्हण,” ती म्हणाली होती. “त्यांच्यासमोर मी तोंड उघडते आणि भलतंच काही तरी बाहेर पडतं. मला भीती वाटते रे.” ही पोरगी अंधाराला भीत नव्हती, कुत्र्याला भीत नव्हती.

“ती येणार नाही,” शिपाई म्हणाला. “सांगून झालंय. पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून उत्तर बदलत नसतं.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. “आज आपण दोघं एकत्र घेऊ या. समोरासमोर.”

मॅडमनी भुवया उंचावल्या. डबिंगमध्ये प्रत्येक जण एकटा येतो, आपलं बोलतो, जातो. दुसऱ्याचा आवाज फक्त हेडफोनमधून ऐकतो. पण गुरुजींना नको कोण म्हणणार?

बूथमध्ये दोघं उभे राहिले. श्वास गरम होत गेला. शिपायाच्या मानेवरून घामाचे ओघळ. गुरुजींच्या कपाळावर टिपूस नाही.

प्रसंग असा होता. पंथ गुणी मुलं हुडकून घेऊन जातो, त्यांच्याच भल्यासाठी. साधू एका वस्तीत मुलगी न्यायला आलाय. वस्तीच्या दारावर शिपाई. साधूची दोन वाक्यं, शिपायाचा एक शब्द.

शिपायानं तो एक शब्द म्हणताना घशात जरासा काटा ठेवला. जणू आतून कुणी तरी दार धरून उभं आहे.

“पुन्हा,” गुरुजी म्हणाले.

पुन्हा काटा.

“पुन्हा.”

कितव्यांदा तरी शिपायाच्या लक्षात आलं, की गुरुजींचा आवाज हेडफोनमधून येत नाहीये. तो मानेमागून येतोय. जिथं केस संपतात तिथून. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पडद्यावर साधूचे ओठ हलत होते. शेजारी गुरुजींचे मिटलेले होते.

“कट! मस्त,” मॅडम म्हणाल्या. “ऐकू या.”

रेकॉर्डिस्टनं लावलं. आधी नुसती शांतता. मग शिपायाचा आवाज, मऊ, लोण्यासारखा.

“हो.”

शांतता.

“घरीच असते.”

शांतता.

“दुपारी एकटी. बायको कामावर.”

शांतता.

“उघडतो.”

रेकॉर्डिस्टचा हात बटनावर तसाच राहिला.

“हे मी बोललो नाही,” शिपाई म्हणाला. “संहितेत कुठाय हे? गुरुजींचा ट्रॅक लाव.”

“त्यांनी काही म्हटलंच नाही ना,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “माईक चालू होता. श्वाससुद्धा आला नाही.”

“असू दे,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत झोपेतून उठल्यासारखं पाणी होतं. “पहिल्यांदाच शिपाई जिवंत वाटतोय.”

शिपायानं गुरुजींची कॉलर धरली. “माझ्या दाराकडं फिरकलास ना, तर या नखांसकट गाडीन तुला! कळलं?”

गुरुजींनी कॉलर सोडवून घेतली नाही. ते त्याच्याकडे मायेनं पाहत राहिले.

“दमलायत. घरी जा.”

शिपाई आपल्याच हाताकडे बघत होता. बोटं उलगडली. एक, मग दुसरं, मग उरलेली. त्यानं पिशवी उचलली आणि जिना चढला.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. पोरीला फोन करायचा होता. कुणीही आलं तरी दार उघडू नकोस, मी येतोय. एवढंच सांगायचं. फोन हातात होता. पुढच्या थांब्यानंतर करू, असं वाटलं. मग त्याच्या पुढच्या. बाहेर उन्हात कुणी दुकानाची पाटी पुसत होतं. किती निवांत पुसत होतं. राग भोक पडलेल्या बादलीसारखा गळत होता आणि त्याला ते कळतही होतं.

मग कळेनासं झालं.

त्यानंतर भान आलं ते थेट स्वयंपाकघरात. तो खुर्चीवर, समोर पाण्याचा पेला, खिडकीत उतरतं ऊन. दार धाडकन उघडलं आणि बायको चपलांसकट आत आली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. अंगाला ब्लीचचा वास.

“अहो, पोरगी कुठाय?”

“असेल की आत.”

“असेल? मला फोन आला तिचा! गाडीतून! रडत होती, मध्येच बंद पडला.” तिचा आवाज चिरला. “म्हणाली, बाबांनीच दार उघडलं. बाबांनीच बॅग भरली. मी नाही नाही म्हणत होते, आणि बाबांनीच दंडाला धरून जिना उतरवला. खरंय हे?”

तो हसला. काहीही काय! मग त्याचं मनगटाकडे लक्ष गेलं. नखांचे ताजे ओरखडे. अजून ओले.

“गप्प काय बसलात? त्या थेरड्याच्या नावानं सकाळ-संध्याकाळ बोटं मोडायचात, आणि स्वतःच्या हातानं लेक नेऊन दिलीत? बाप आहात का दलाल?” तिनं त्याचा शर्ट मुठीत धरला आणि गदागदा हलवला. “उठा! पोलिसांत चला आधी. मग डोंगरावर. उठा म्हणते ना!”

उठायला हवं होतं. सगळ्यांत पुढं त्यानंच धावायला हवं होतं. त्यानं आत राग शोधला. भाडेकरू खोली सोडून जातात आणि भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी उरतात, तशी जागा. सामान कुठंच नाही.

बायकोचं ओरडणं मात्र त्याला टोचत होतं. तिचाही जीव किती थकलाय, त्याला वाटलं. तिनं जरा बसावं. शांत व्हावं. बस्स. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.

तो काही तरी बोलला. काय, ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. ओठ उघडले होते की नाही, देव जाणे.

शर्टावरची मूठ सुटली.

बायकोच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. श्वास संथ झाला. तिनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

जन्मभर तो दाराच्या या बाजूला उभा राहिला होता. हुकूम ऐकणारा. आज पहिल्यांदा त्याच्या इच्छेनं एक माणूस हललं होतं. शब्दसुद्धा खर्च न होता. त्याच्या छातीत काही तरी पसरत गेलं, ऊबदार. भीती नव्हती ती. लाज तर नव्हतीच.

गोड लागलं त्याला.

टेबलावर बायकोचा फोन वाजायला लागला. पडद्यावर पोरीचं नाव आणि तिचा दात दाखवून हसणारा फोटो. फोन थरथरत पेल्याला टेकला. पेला बारीक किणकिणू लागला.

बायकोनं फोनकडे पाहिलं. मग हसऱ्या, निवळलेल्या चेहऱ्यानं तिनं नवऱ्याकडे पाहिलं, हात दोन्ही बाजूंना सोडून. घेऊ का, हे तो सांगेल म्हणून.

त्याला घाई नव्हती.