खिडकीशी बसलेली बाई

चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. मला कळतात ती हाडं. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. नव्या मशीनचं प्रशिक्षण घ्यायला पाच दिवस परदेशी गेले होते. शेवटचा दिवस मोकळा होता आणि हॉटेलपासून दहा मिनिटांवर कलासंग्रहालय होतं, म्हणून गेले. बॅग खाली जमा केली, नकाशा घेतला आणि शाळेच्या सहलीला आल्यासारखी एकेक दालन उरकत निघाले.

दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दालनात एकच चित्र होतं. वहीच्या दोन पानांएवढं. खिडकीशी खुर्चीत पाठमोरी बसलेली बाई. राखाडी झगा, केस वर बांधलेले. पाटीवर चित्रकाराचं नाव नव्हतं. साल होतं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं.

पाय पुढे टाकणार, तोच तिच्या उजव्या खांद्याकडे लक्ष गेलं. गळ्याखालचं आडवं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं, की खांदा असा पुढे आणि खाली उतरतो. माझ्या ताईचा असाच आहे. ती नऊ वर्षांची असताना मीच तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं.

तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आईच्या आजारपणात कोणी किती रजा काढल्या, यावरून शब्दाने शब्द वाढला होता.

योगायोग, म्हटलं. हाडं काय, कुणाचीही मोडतात.

दालनात निळ्या कोटातली एक वयस्कर पहारेकरीण होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, "ती तुमची कोण?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

खाली जाऊन पुतळे पाहिले, कॉफी घेतली. अर्धी कॉफी तशीच टाकून परत वर गेले. का, ते सांगता येणार नाही.

बाईचा डावा हात उजव्या खांद्यावर होता. गारठ्यात ताई अशीच खांदा धरून बसते. मघाशी हात मांडीवर होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण पहिल्या नजरेत फिल्मवरची बारीक चीर हुकते, हा माझा रोजचा अनुभव. तशीच मनाची समजूत घातली. 

जिन्यात येऊन ताईला फोन लावला. भावजींनी उचलला.

"अगं, बरं झालं तूच केलास. ही सकाळपासून खिडकीशी बसून आहे. हाक मारली तर वळत नाही, हलवलं तर हलत नाही. डॉक्टरांना बोलावलंय."

"काही बोलली?"

"एकदाच. तासाभरापूर्वी. म्हणाली, 'ती सांगते, मी तिची कोणी नाही.' कोण सांगतं, ते विचारलं तर गप्प."

फोन हातात तसाच धरून मी धावत सुटले. चित्रासमोर जाऊन उभी राहिले. लाजबीज काही उरली नव्हती.

"ताई," मी मोठ्याने म्हणाले, "तू माझी ताई आहेस. चुकलं माझं. ऊठ, घरी चल."

चित्र चित्रासारखंच राहिलं.

फोनमध्ये भावजी ओरडले, "उठली! अगं, उठली ती!"

मला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता स्पीकर चालू केला.

"तिला द्या ना फोन."

थोडी खुडबुड झाली. मग आवाज आला. ताईचाच, किंचित घोगरा.

पण भाषा आमची नव्हती. गेले पाच दिवस रस्त्यावर, दुकानांत कानावर पडत होती, ती होती. भरभर, सराईत.

"ताई?"

मागून भावजी विचारत होते, "अगं, ही काय बोलतेय?"

पहारेकरीण जवळ आली. मान तिरकी करून तिने ऐकलं.

"ती तुमचे आभार मानतेय."

मी चित्राकडे पाहिलं. बाई तशीच पाठमोरी होती.

चित्रातल्या खिडकीच्या काचेवर, तिच्या तोंडासमोर, वाफेचा एक डाग धरला होता. तो विरला. पुन्हा धरला.