एका खुर्चीचं विमान

पाऊस चुकवायला ती ज्या पत्र्याखाली शिरली, त्या पत्र्यावर रिव्हेटच्या गोल टिकल्यांची ओळ होती, शाळेच्या कवायतीसारखी सरळ. ती संग्रहालयात कामाला; साधा पत्रा असा नटत नाही, हे तिला कळत होतं. ती मान वर करून बघतच राहिली.

"मान अवघडेल," शेडच्या आतून वेल्डर म्हणाला. गालावर काजळी, डोळ्यांत हसू. "पंख आहे तो. चौकातल्या विमानाचा."

तिच्या छातीत काहीतरी भुर्रकन उडालं... बाबांच्या खांद्यावर बसून ज्याच्या चाकाला हात लावायची, ते जुनं लढाऊ विमान! रस्तारुंदीत ते नाहीसं झालं, चौथरा तेवढा उरला. महिनाअखेरपर्यंत ते सापडलं नाही, तर तिथे सिमेंटचं कारंजं बसणार होतं. म्हणून तर ती गावभर वणवण करत होती.

विमान भंगारात वेल्डरच्या वडिलांनी घेतलेलं. कापायला हात धजेना, म्हणून तुकडे लोकांना वाटून टाकले. कुठे कुठे, ते तो दाखवणार होता. पण रोज एकच.

"एकच का?"

"विमान मोठं आहे हो," तो नजर चुकवत म्हणाला.

मग ओल्या, सोनेरी संध्याकाळी दोघं हिंडू लागली. शेपूट नर्सरीच्या फाटकाला होतं. नाकावरचा पंखा न्हाव्याच्या छताला. तो लावला की गिऱ्हाइकाचा टोप तिसऱ्या गल्लीत सापडतो, असं न्हावी शपथेवर सांगे. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या घुमटाखाली एका आजींची कोंबडी अंडी उबवत होती. पिलं जन्मतःच ढगांकडे बघतात, ही आजींची तक्रार. सगळे तुकडे परत द्यायला तयार होते. घुमट मात्र अंडी फुटल्यावर.

शेवटी त्याच्या अंगणातलं वैमानिकाचं खोपटं, म्हणजे कॉकपिट, उरलं. ती आत डोकावली आणि थबकली. फाटक्या चामड्याच्या खुर्चीमागे आणखी एक, कोरी.

"हे चुकलंय. या विमानात एकच खुर्ची असते."

"माहितीय. मागची काल बसवली." तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता. "वेल्ड नाही केली... बोल्टवर आहे. नको असेल तर—" त्याने पाना पुढे केला.

जुन्या वस्तूत नवा खिळाही न चालवणारी ती. पाना घेऊन आत उतरली. बराच वेळ पान्याची करकर. तो आभाळाकडे बघत उभा राहिला.

"खालून दिसेल का रे ही?"

"नाही... चौथरा उंच आहे."

"बोल्ट ढिले ठेवले होतेस. आवळलेत मी. ये, पुढे बस."